बारा हात सुती दोर : चंपीबरोबर येळ्ळूरच्या शिवारात

बेळगावात रविवार पेठेच्या बाजूनं आत गेलं की बैलांचं साहित्य विकणारी काही जुनी दुकानं लागतात. कासरे, म्होरक्या, वेसणी, घुंगुरमाळा, लोकरीचे गोंडे, काथ्याचे दोर. त्यांतल्या एका बिनपाटीच्या दुकानात मी आमच्या चंपी कुत्रीसाठी बारा हात लांबीचा सुती दोर आणि नवारीचा छातीपट्टा करून घेतला. दोराचे ४२० रुपये, पट्ट्याचे ३५०. एक पावसाळा आणि एक थंडी दोन्ही रोज वापरून झालंय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. कुत्र्याला सकाळी लांबवर फिरवणाऱ्या आणि फिरताना घाई नसणाऱ्या माणसानं हा दोर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दोर चांगला आहे एवढं सांगून माझं समाधान होणार नाही. हा दोर हातात आल्यापासून माझी सकाळ बदलली, आणि देवापुढं उभं राहण्याची माझी रीतही.

आमचं घर वडगावातलं, यंत्रमागाचं. खाली माग, वर आम्ही. सकाळी सातला जी खडखड सुरू होते ती दिवे लागणीपर्यंत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून सूतच हाताळतेय, त्यामुळं दोर घेताना आधी त्याचं टोक उलगडून बघितलं. तीन पदरी आहे. सुताचा पीळ एका अंगाला, पदराचा पीळ त्याच्या उलट, आणि तिन्ही पदर एकत्र वळताना पुन्हा पहिल्या अंगाला. असे उलटसुलट पीळ एकमेकाला धरून बसतात, म्हणून चांगला दोर आपोआप सुटत नाही. सूत जाडं आहे, पण खळ मारून कडक केलेलं नाही; नवा असतानाच हाताला मऊ लागतो. जाडी माझ्या करंगळीएवढी. आणि ज्यासाठी मी दुकानदाराला मनापासून दाद दिली ती गोष्ट म्हणजे कडीपाशी गाठ नाही. तिथं पदर सुटे करून, मागं वळवून, दोराच्या पोटात एकाआड एक विणून टाकलेत. गाठ मारली की दोर तिथंच कमजोर होतो आणि गवताला अडकतो. हे विणकाम आता फार थोड्या हातांत उरलंय. पितळी फिरती कडी आहे, त्यामुळं कुत्रं कितीही गोल फिरलं तरी दोराला आढी पडत नाही. हाताच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा. तो मी मागितला नव्हता, दुकानातल्या मामांनी आपल्या मनानं लावला.

चंपी मुधोळ जातीची. चंपाषष्ठीच्या सुमारास घरात आली म्हणून चंपी. मुधोळचं नाव आपल्या भागात सगळ्यांनाच माहीत आहे. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, वाढवली, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला जोडी भेट दिली. २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होता. पुढं लष्करानंही ही कुत्री घेतली. पण दोर घेणाऱ्याला यातलं काहीच उपयोगाचं नाही. त्याला माहीत हवं ते वेगळंच. या कुत्र्याचं डोकं निमुळतं आणि मान जवळजवळ डोक्याएवढीच रुंद, त्यामुळं गळ्यातला साधा पट्टा मागं ओढ बसली की सर्रकन निघून हातात येतो. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, केस आखूड. जाड किंवा खरखरीत पट्टा दोन दिवसांत काखेत घासतो. आणि ही शिकारी जात नाकापेक्षा डोळ्यांनी चालते. लांब बांधावर ससा हलला तर आपल्याला कळायच्या आत ती निघालेली असते, आणि निघते ती पूर्ण वेगानं. गळ्याला लांब दोर बांधून असा हिसका बसला तर मानेला इजा होते. म्हणून मुधोळ, कारवान किंवा असल्या कुठल्याही लांब पायांच्या कुत्र्याला लांब दोर लावायचा तर छातीलाच, गळ्याला कधीच नाही. दुकानदारानंही हेच सांगितलं, हे विशेष.

त्याआधी माझ्याकडं स्प्रिंगचा पट्टा होता, हातात डबी असते आणि आतून पट्टी सुटत जाते तो. कंपनीचं नाव देत नाही. पावसाळ्यात आतली स्प्रिंग अडकली आणि पट्टी अर्ध्यावरच थांबली, ही झाली त्याची एक बाजू. माझी मुख्य तक्रार दुसरीच आहे. तो पट्टा कायम ताणात असतो. कुत्रं जवळ असो की लांब, थांबलेलं असो की चालतं, स्प्रिंग त्याला सारखी मागं ओढतच असते. त्यामुळं पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते हाताला कधी समजतच नाही. शिवाय ब्रेक दाबला की कट्ट असा आवाज व्हायचा आणि चंपी दचकायची. ती पुढं बघत चालायची, मी डबीकडं बघत. दोघी एका रस्त्यावर असून बरोबर नव्हतो.

माझं माहेर कडोलीचं, शेतकऱ्याचं. वडील औताला बैल जुंपून निघाले की मला पुढ्यात उभं करून कासरा हातात द्यायचे आणि म्हणायचे, "धर, पण ओढू नको. त्यास्नी वाट ठावं हाय." ते बोलणं आठवलं म्हणून मी त्या दुकानात गेले.

दुकानातले मामा सत्तरीच्या पुढचे. धोतर, पांढरी टोपी, मांडीवर अर्धी वळलेली वेसण.

"काय पायजे, वैनी?"

"कासरा पायजे मामा. सुती. नायलॉन नको."

"एका बैलाचा की जोडीचा?"

"बैल न्हवे, कुत्री हाय. मुधोळची."

त्यांनी वेसण बाजूला ठेवली. हसले नाहीत की नवल केलं नाही. "उद्या घिऊन या तिला. बघितल्याबिगर करून देणार न्हाई," म्हणाले. दुसऱ्या दिवशी चंपीला नेलं. मामांनी आधी हात पुढं केला, तिला वास घेऊ दिला, मग दोन वितींनी तिची छाती मोजली, खांद्यापासून पुढच्या पायापर्यंत बोटं ठेवली आणि आतल्या बाईंना आवाज दिला, "नवार तीन बोटी काढ गं." मी वीस हात दोर मागत होते. त्यांनी बारा हातांवर आणलं. म्हणाले, "हिला जास्त पळायला जागा दिली तर शेवटाला हिसका मोठा बसंल. तुमचा बी हात जाईल, तिचं बी अंग जाईल. बारा पुरं." बारा हात म्हणजे अठरा फूट. ते बरोबर होते. साध्या, रमतगमत हुंगत चालणाऱ्या कुत्र्याला वीस हात चालतील. वाऱ्यासारख्या पळणाऱ्याला नाही.

छातीपट्टा खाटेच्या सुती नवारीचा. दुकानच्या मागं घर आहे, तिथं त्या बाईंनी शिवणयंत्रावर शिवला. पुढून तो छातीच्या मधल्या हाडावर येऊन दोन्हीकडं फुटतो, त्यामुळं खांदे मोकळे राहतात. आडवा पट्टा छातीवरून सरळ जाऊन खांदे बांधून टाकतो, तसला घेऊ नये. पोटाखालचा पट्टा पुढच्या पायांच्या मागं चार बोटं सोडून आहे. ही चार बोटं फार महत्त्वाची. काखेला लागून असेल तर पातळ कातडी सोलतेच. कडा दुमडून आतल्या अंगाला मऊ मांजरपाट लावलाय. शिवण दुहेरी. रोजच्या वापरात एक टाका उसवला नाही. बकल मात्र साधं लोखंडी होतं, श्रावणात गंजलं. मी जाऊन सांगितलं, त्यांनी काही न बोलता पितळी बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

आता फिरण्याचं.

वडगावातून येळ्ळूर रस्त्याला लागलं की घरं संपतात आणि भाताचं शिवार सुरू होतं. बेळगावच्या बासमतीचं नाव ज्यामुळं आहे ती हीच काळी जमीन. सुगी झाली की त्याच ओलीवर मसूर पेरतात. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगतो आणि ही रानंच्या रानं पाण्याखाली जातात. शेतकरी दरवर्षी तेच दुःख सोसतात. पण मार्गशीर्षात पहाटे तिथं जाऊन बघावं. मसुराची रोपं वीतभर झालेली असतात, बांधावर दव, आणि लांब राजहंसगड धुक्यात अर्धा. मागाची खडखड तिथंवर येत नाही. माझ्या कानाला त्याची इतकी सवय आहे की पहिली काही मिनिटं मला ती शांतताच टोचते.

मी दोराची वेटोळी डाव्या हातात धरते, उजव्या हातानं सोडत जाते. दोर जमिनीला न लागता थोडा लोंबता राहील इतकाच सैल. एका पहाटे चंपी बांधावर चालता चालता थांबली. पुढचा उजवा पाय उचललेला, तो तसाच वर. मान लांब, कान मागं. मी काही बघायच्या आधी दोर बोलला. तिच्या अंगातली बारीक थरथर दोरातून माझ्या बोटांत आली, माग चालू असताना ताण्यावर हात ठेवला की कुठला धागा तुटायला आलाय ते जसं तळव्याला समजतं, तशी. मी जागीच थांबले. ती जिकडं बघत होती तिकडं बघत राहिले. धुकं, मसूर, पलीकडचा बांध, बाभळीचं एक झाड. काहीच नाही. तरी तिनं नजर हलवली नाही आणि मीही नाही.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. सुरुवातीला डोक्यात रोजचं चालू होतं, सुताचा भाव, बीम भरायचं राहिलंय, पोराच्या कॉलेजची फी. मग ते कधी थांबलं ते कळलं नाही. धुक्याचाही रंग दिसायला लागला. मसुराच्या पानावरचं दव एका बाजूनं उजळत गेलं. कुठंतरी टिटवी ओरडली. माझा श्वास आणि तिचा श्वास दोरावर मला वेगळे ओळखू येईनात. मग पलीकडच्या बांधाचा एक तुकडा हलला, आणि तो ससा होता. आमच्या दोघींकडं तोंड करून बसलेला, मघापासून. चंपीनं झेप घेतली नाही. दोरातली थरथर वाढली, पुन्हा कमी झाली. ससा उठून आपल्या वाटेनं गेला. चंपीनं पाय खाली टेकला, वळून माझ्याकडं बघितलं आणि चालायला लागली.

आमचं कुलदैवत अथणीकडच्या मंगसुळीचा खंडोबा. वर्षातून एकदा तरी आम्ही जातो. भंडारा उधळतो, तळी भरतो, येळकोट म्हणतो, आणि गाभाऱ्यापाशी पोचलं की मागची रांग ढकलते. हात जोडून डोळे मिटायच्या आत आपण बाहेर. याबद्दल माझी तक्रार नाही, देव सगळ्यांचा आहे, सगळ्यांना पुढं सरकायला हवं. पण त्या पहाटे शिवारात मला जे झालं ते मंगसुळीच्या त्या एका क्षणासारखंच होतं. फरक एवढाच की मागून कोणी ढकलत नव्हतं. मला त्यात उभं राहता आलं.

खंडोबाच्या चित्रात घोड्याच्या पायाशी कुत्रं असतंच. वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतो, हातात कोटंबा घेऊन भिक्षा मागतो. कर्नाटकात खाली मैलाराकडं गोरवय्या नावाचे भक्त असतात, त्यांचीही रीत तीच, देवाच्या दारातलं कुत्रं होण्याची. लहानपणापासून मी हे बघत आले, भिक्षाही वाढली. माणसानं स्वतःला कुत्रं का म्हणवून घ्यावं, हा प्रश्न मनात यायचा आणि राहून जायचा. चंपीबरोबर फिरायला लागल्यावर मला त्याचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं. ती बांधावर उभी राहते तेव्हा तिच्यात दुसरं काहीच उरत नाही. समोर जे आहे त्याला ती सगळी दिलेली असते, शेपटीच्या टोकापर्यंत. मी देवघरात बसते तेव्हा माझा जेमतेम चौथा हिस्सा तिथं असतो. वाघ्याला देवापुढं तसं सगळं हजर व्हायचं असेल, असं मला आता वाटतं. जाणकारांनी काही वेगळं सांगितलं तर मी ऐकून घेईन, पण माझा अनुभव हा आहे.

नामदेव महाराजांची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. कुत्र्यानं पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. मला त्यातलं धावणं आता जास्त कळतं. कुत्रं पुढं आणि माणूस मागं, हा क्रम. दोर सैल असला की तो क्रम आपोआप येतो. ती वळते तिकडं मी वळते, ती थांबते तिथं मी थांबते. रस्ता ओलांडताना, गाडी येताना मी दोर आवरते आणि ती माझ्या गुडघ्याला येते. बाकी वेळ पुढारीपण तिचं.

धनगरांची एक गाठभेट सांगायलाच हवी. सुगीनंतर आमच्या भागात मेंढरं येतात, शेतकरी खतासाठी रानात बसवून घेतात. एकदा वळणावर अचानक अख्खा कळप समोर आला, बरोबर त्यांची दोन राखणीची कुत्री. चंपी ताठ झाली. मी वेटोळी आवरत आवरत दोर दोन हातांवर आणला, हिसका न देता. सुती दोराचा खरा उपयोग इथं कळतो. तो हाताला पकड देतो, सरकत नाही, आणि एकेक वेढा घेत जवळ आणता येतो. नायलॉन असता तर तळवा भाजला असता. धनगरमामांनी आपल्या कुत्र्यांना एक हाळी दिली, ती बसली. मग आमच्याकडं बघून म्हणाले,

"मुधोळचं न्हवं?"

"होय की मामा."

"दोर सोडू नगा आक्का. जनावर चांगलं हाय, पर मेंढरू पळालं की त्येचं डोळं बदलत्यात."

"न्हाई सोडत."

"कासरा हाय जणू बैलाचा," म्हणाले आणि दोराचं टोक हातात घेऊन बघितलं, पीळ नखानं उचलून. "बरा वळलाय." त्यांनी कनवटीची भंडाऱ्याची पुडी काढली, माझ्या कपाळाला लावला, आणि मग खाली वाकून चंपीच्या कपाळालाही. ती हलली नाही. कळप जाईपर्यंत आम्ही बांधाला टेकून उभ्या होतो. शेवटचं लंगडं कोकरू गेलं तेव्हा चंपी खाली बसली.

राजहंसगडावरही हा दोर नेला आहे. २०२३ साली शिवरायांचा मोठा पुतळा बसल्यापासून तिथं सुट्टीच्या दिवशी गर्दी फार असते, त्यामुळं कुत्र्याला घेऊन जायचं तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी, उजाडताना. गडावर सिद्धेश्वराचं देऊळ आहे. कुत्र्याला आत नेऊ नये, आणि बाहेर खांबाला बांधून आपण आत जाणं त्याहून वाईट. मी बाहेरूनच हात जोडते. तटाकडं दोर अगदी आखूड धरायचा. शिनोळीवरून देवरवाडीला गेलं तर वैजनाथाच्या देवळापासून वर महिपाळगडाकडं जाणारी वाटही चांगली, सावली भरपूर. तेवढ्यात आपण कर्नाटकातून महाराष्ट्रात जातो. तिथल्या चढाला दोर सैल ठेवला तर झुडपांत अडकतो, करवंदीच्या जाळ्या आहेत. चार हातांवर धरून चालावं.

जांबोटी, कणकुंबीकडं पुष्कळ लोक कुत्री घेऊन जातात. मलप्रभेचा उगम, माउलीचं देऊळ, ते डोंगर, कोणालाही ओढ वाटेल. पण तिकडं भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, आणि त्या जंगलात कुत्रा घेऊन शिरू नये ही माझी कळकळीची विनंती. दोर कितीही चांगला असो. आपल्या कुत्र्याचे रोग रानकुत्र्यांना लागतात, त्यांच्या अख्ख्या टोळ्या त्यानं जाऊ शकतात. बिबट्याला कुत्रं हे सोपं भक्ष्य. आणि कुत्र्याच्या वासानंच तिथली जनावरं जागा सोडतात. ज्या शांततेसाठी आपण जातो ती आपणच मोडायची, हे बरं नाही. शिवारं आहेत, माळ आहेत, तिथं जावं.

आता दोराचे दोष, ते लपवून ठेवणार नाही. पावसात हा दोर पाणी पितो आणि फार जड होतो. आषाढात दोन-तीन दिवस वाळतच नाही, कुबट वास येतो. म्हणून पावसाळ्यासाठी दुसरा एक जवळ ठेवावा किंवा तेवढ्यापुरता आखूड पट्टा वापरावा. पहिल्या धुण्यात तो हातभर आटला; घेताना तेवढा जास्त मागावा. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळं पदरांत शिरतात आणि ती हातानं एकेक काढावी लागतात, नाहीतर तळव्याला टोचतात. अंधारात दिसत नाही, मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्यांनी त्यावर चमकती पट्टी शिवून घ्यावी. आणि दोर कधीही मनगटाला गुंडाळू नये, तळव्यात वेटोळीच धरावीत. मोठ्या कुत्र्यानं झेप घेतली तर मनगट जागचं सुटतं. धुताना रिठ्याचं पाणी वापरते, ब्लीच नाही, आणि सावलीत दोन टोकांना ताणून वाळवते, म्हणजे पीळ सरळ राहतो.

फिरून आल्यावर छातीपट्टा काढला की गोचीड बघायची, हेही याच कामात धरावं. पट्ट्याखाली, काखेत, कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात. मेंढरं बसलेल्या रानातून आलो असलो तर दुप्पट लक्ष. गोचिडतापानं चांगली धडधाकट कुत्री दगावतात. मुधोळचे केस आखूड असल्यानं हाताला लगेच लागते, एवढं सोपं आहे. हे करताना चंपी डोळे मिटून उभी राहते, आणि माझीही ती वेळ पूजेसारखी शांत जाते. त्यानंतर खाली माग सुरू होतो.

गुण द्यायचे तर दोराला पाचापैकी साडेचार, ते अर्धं पावसामुळं कापलं. छातीपट्ट्याला पाच, बकल बदलून दिल्यावर. मामांच्या वागण्याला गुण देणं मला शोभणार नाही.

ज्यांचं कुत्रं अजून दोर चावणारं पिल्लू आहे त्यांनी थांबावं, सुती दोर ते एका दुपारी संपवेल. ज्यांना गल्लीतून दहा मिनिटांची फेरी मारायची आहे त्यांनाही बारा हातांची गरज नाही, पायात येईल. बाकीच्यांनी जावं. मात्र बेंदराच्या आधी जाऊ नका. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेचा, मग आषाढात महाराष्ट्री बेंदूर, त्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि मामांना मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा बैलांचा मान पहिला. दसऱ्यानंतर जा, सकाळी दहाच्या सुमारास, आणि कुत्र्याला बरोबर न्या. माप तोंडी सांगितलं तर ते करून देत नाहीत. किती हात दोर पाहिजे ते तुम्ही ठरवून गेलात तरी चंपीसारखं तुमच्याही कुत्र्याला ते आधी नीट बघतील, दोन पावलं चालवतील, आणि मगच दोर कापतील.